दीड रेघ

मला वाचवलं ते शाळेच्या प्रयोगशाळेतल्या शिपाई मावशींनी. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर.

नववीला मी म्हसवडहून पलूसला मामाकडं शिकायला होतो. वडील केरळात सोनं गाळायच्या भट्टीवर. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडं जाऊन आलो आणि खोकला सुरू झाला. भट्टीवरून आलेला माणूस खोकणारच, असं आमच्यात धरून चालतात. मामी रोज हातावर गुळाचा खडा ठेवायची. "धूर बसलाय छातीत. गूळ खा, सुटंल." संक्रांत गेली. मी गूळ खात राहिलो, शर्ट ढिला होत गेला.

श्वसनसंस्थेचा धडा आला तेव्हा सरांनी प्रयोग मांडला. पाण्यानं भरलेली मोठी बरणी टबात उपडी, तिच्यात रबरी नळी. एका दमात फुंकायचं. बरणीवर आखलेल्या जितक्या रेघा पाणी उतरेल तितकी छाती दमदार. पोरं सहा-सात रेघा उतरवत होती. माझी दीड.

"दीड? अरं, माझी म्हातारी आई तीन उतरवंल! परत."

परत फुंकलं. एक. वर्ग बाकं बडवायला लागला. "फुंक गड्या, भट्टी विझंल!" सरांना ते आवडलं. "नीट बघा सगळ्यांनी. फुफ्फुसं कशी नसावीत, त्याचा हा नमुना." चौथ्यांदा फुंकताना आत काही फाटल्यासारखं झालं आणि टबातलं पाणी गुलाबी झालं.

हसणं थांबलं नाही, बारीक झालं एवढंच. सर म्हणाले, "आता हा टब कोण धुणार?"

"मी धुते," मावशी म्हणाल्या. पण त्यांनी टब तसाच ठेवला आणि मला दंडाला धरून बाहेर नेलं. "कवापासनं खोकतोयस?"

"दिवाळीपासनं. धूर बसलाय."

"धुरानं रगात पडत न्हाई, बाळा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी मला सांगलीच्या एसटीत खिडकीशी बसवलं. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो निघाला. टीबी.

सहा महिने गोळ्या. मामीनं ताट वेगळं केलं. मावशी मात्र रोज शाळेला जाताना दारात थांबायच्या. "गिळलीस? तोंड उघड. जीभ वर कर." मग पुढं जायच्या. बरा होऊन वर्गात गेलो, तर शेजारच्यानं बाक सरकवला आणि सर हजेरी घेताना म्हणाले, "दीड रेघ आली का?" तीन दिवस टिकलो. चौथ्या दिवशी दप्तर टाकलं, ते कायमचंच.

आता मीही केरळात आहे, भट्टीपासून लांब, दुकानाच्या काट्यावर. मालकाला आजाराचं सांगितलेलं नाही. ठसका लागला की पाठ फिरवून आधी तळहात बघतो. कोरडा असला की मावशी आठवतात.

परवा फोनवर म्हणाल्या, "गुडघं लय धरल्यात रं. हळद लावतीया, जाईल."

आवं मावशी, गूळ खाणाऱ्याला हळद सांगताय? सुट्टी मिळू दे, येतोच. सांगलीच्या एसटीत खिडकीची जागा तुमची. गुडघ्यांचा फोटो काढल्याबिगर तुमाला परत आणायचा न्हाई. आणि गोळ्या दिल्या, तर जीभ वर करून दाखवावी लागंल.