मंगळवारचा पाहुणा

आमच्या मार्गिलान गावात लग्न ठरलं की आधी हमदमजानला तारीख विचारतात आणि मग मुलीकडच्यांना. आमच्याकडे हे थट्टेने म्हणतात, पण त्यात थट्टा कमी आणि खरं जास्त. पन्नास किलो तांदळाचा ओश एकाच कढईत शिजवायचा, वर दाण्याला दाणा चिकटू द्यायचा नाही, हे काम आमच्या भागात त्याच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही. सकाळच्या नमाजानंतर पाचशे माणूस रांगेने बसतं, मांस आणि गाजर घातलेल्या त्या भाताचं ताट साफ करतं, यजमानाला दुवा देतं आणि कामाला जातं. हमदमजान तेव्हा मागच्या अंगणात घाम पुसत उभा असतो.

आता या माणसाचं दुःख ऐका. इतक्या वर्षांत बसून, गरम गरम, दुसऱ्याच्या हातचा ओश त्याच्या नशिबी आला नव्हता. स्वतः केलेला त्याला खाववत नसे. पाच तास चरबीच्या धुरात उभं राहिल्यावर फक्त चहा हवासा वाटतो. घरी मवलूदा, म्हणजे त्याची बायको, नूडल्स करी, मांडे करी, भोपळ्याच्या पुरणाचे मोदकासारखे मांती करी, पण ओश करत नसे. लग्न झाल्या झाल्या तिने एकदा केला होता. हमदमजान तोंडाने काही बोलला नाही, पण कढईकडे त्याने असं काही पाहिलं की त्या दिवसापासून तिने ओशचं नाव टाकलं. आणि पाहुणा म्हणून कुठे जावं, तर दारातच कुणीतरी हात धरी. "उस्ता, आलातच आहात तर जरा मीठ बघा की." मीठ बघायला गेलेला हमदमजान दोन तासांनी बाहेर येई, तोवर मंडळी कलिंगडावर पोचलेली असत.

गेल्या वर्षी मवलूदाच्या भाच्याच्या लग्नात तर कहर झाला. नवा कोट घालून, टोपी नीट करून तो पाहुण्यांत बसायला निघाला होता. तिथल्या आचाऱ्याने त्याला लांबूनच पाहिलं, पळत आला आणि झारा पुढे केला. संध्याकाळी कोटावर तेलाचे दोन हातभर ओघळ.

"पाहुणे होतात ना तुम्ही?" मवलूदा कडाडली.

"त्याने झारा पुढे केला. मी काय करू?"

"हात मागे घ्यायचा."

"झारा समोर आला की हात मागे जात नाही गं."

त्या दिवशी त्याच्या मनाने घेतलं. एक दिवस, फक्त एक दिवस, जिथे आपल्याला काळं कुत्रं ओळखत नाही अशा ठिकाणी जायचं, काही काम करायचं नाही आणि पाहुण्यासारखं मांडी घालून ओश खायचा. साठी ओलांडलेल्या माणसाची ही इच्छा. ऐकून हसू येतं, पण त्याचा जीव त्यात अडकला होता.

मे महिन्यातला मंगळवार निवडला, कारण मंगळवारी आमच्याकडे कुणी लग्न काढत नाही. मोबाइल मवलूदाच्या हवाली केला.

"कुणी विचारलं तर दात दाखवायला गेलेत म्हण."

"आणि कुणी विचारलं कुठला दात, तर?"

"अक्कलदाढ."

"ती असती तर एवढ्या लांब भात खायला निघाला असतात का?" असं म्हणत तिने त्याच्या खिशात रुमाल कोंबला आणि दारापर्यंत सोडायला आली. ती खूश होती, हे मात्र तिने त्याला कळू दिलं नाही.

वादिलला तो नऊच्या सुमाराला उतरला. डोंगराच्या पायथ्याचं गाव, मधून धो धो वाहणारी नदी, काठावर चिनार आणि चिनारांखाली चायखाना. पाण्याच्या अगदी कडेला एक रिकामी बाज होती, वर गाद्या, लोड. हमदमजानने बूट काढले, मोजे काढले, लोडाला टेकला आणि हिरव्या चहाची किटली मागवली. चायखान्याच्या मालकाने किटली ठेवली, गरम नान ठेवला, नावगाव काही न विचारता निघून गेला. हमदमजानला एवढं बरं वाटलं की त्याने त्याच्या पाठमोऱ्या आकृतीला मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

मग त्याने जे जे केलं ते सांगण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच ते सांगायला हवं. त्याने पाय पाण्यात सोडले. पाणी बर्फाचं, पोटरीपर्यंत कळ गेली. त्याने पाय काढले, उन्हात वाळवले आणि परत सोडले. चिनारांपलीकडे पांढऱ्या तुतीचं झाड होतं, त्याखाली तुती नुसती सांडली होती. तो वाकून एकेक उचलून खात राहिला, बोटं चिकट झाली तेव्हा थांबला. फांदीला टांगलेल्या पिंजऱ्यात लावा पक्षी होता. तो तीनदा ओरडतो की चारदा हे मोजत बसला. शेजारच्या बाजेवर दोन म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. त्यातल्या एकाचा घोडा उघड उघड मरायला टेकला होता. हमदमजानने पाहिलं आणि नजर वळवली. मरू दे, आज आपल्याला काय त्याचं!

"मालक, ओश केव्हा तयार होईल?"

"बाराला झाकण उघडतो. तुमची प्लेट काढून ठेवू?"

"नको, मी इथेच आहे," हमदमजान म्हणाला, आणि तिथेच घात झाला. पाण्याचा आवाज, चिनाराची सावली, पोटात नान आणि तुती. त्याचा डोळा लागला. चौतीस वर्षांची पहाटेची जागरणं त्या गादीवर एकदम वसूल झाली म्हणायची. जाग आली तेव्हा दोन वाजून गेले होते आणि मालक कढई घासत होता.

"संपला?"

"अका," मालक थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला, "साडेबारालाच संपला. तुम्ही असे घोरत होतात, उठवायला जीव होईना. कबाब देऊ?"

हमदमजानच्या तोंडचं पाणी पळालं. कबाब खायला का तो एवढ्या लांब आला होता? त्याने बूट ओढले. तेवढ्यात पलीकडच्या बाजेवरून हाक आली.

"अहो पाहुणे, बूट कसले घालताय? या इकडे!"

चार जण होते. शाळा सुटल्यावर पिशव्या घेऊन आलेले गावातले मास्तर. दर मंगळवारी एकाने पाळीपाळीने ओश करायचा, बाकीच्यांनी बसून त्याची टर उडवायची, हा त्यांचा नेम. हाक मारणारे वलीजान दोमला, म्हणजे वलीजान गुरुजी, पंचाहत्तरीचे निवृत्त गणिताचे मास्तर, जीभ अजून नोकरीत असल्यासारखी तिखट. आज पाळी मुकीमजानची होती. हा भूगोल शिकवायचा. सडपातळ, चाळिशीचा, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या पोराची कळा.

"एकटा माणूस उपाशी जातोय आणि आम्ही कढई चढवतोय, हे बरं दिसतं का?" दोमलांनी त्याला हाताला धरून बसवलं. "पण आधीच सांगतो, आज मुकीम शिजवणार आहे. मागच्या पाळीला याने कांदा जाळला होता. त्याआधी मीठ विसरला होता. जिवाची काळजी असेल तर अजून वेळ गेलेली नाही."

"दोमला, आज बघाच तुम्ही," मुकीमजान म्हणाला. "आज तोंडात बोट घालाल. खास देवझिरा आणलाय. पारखून."

देवझिरा म्हणजे आमचा लाल तांदूळ. जड, खानदानी, पाणी पिऊन पिऊन तिप्पट फुगणारा. हमदमजानने चहाचा पियाला हातात घेतला, लोडाला टेकला आणि सुखाने डोळे मिटले. परक्या मंडळींत, परक्या गावात, कुणीतरी आपल्यासाठी ओश करतंय. याहून वेगळं त्याने काय मागितलं होतं?

"मंडळी, पाणी बघा कसं लालेलाल!" मुकीमजान ओरडला. तो तांदूळ धूत होता.

हमदमजानने डोळे उघडले. परातीतलं पाणी विटेसारखं लाल झालं होतं आणि खाली दाणे पांढरेफटक पडले होते. खरा देवझिरा धुतला तरी त्याच्या अंगावरची तांबूस रेघ जात नाही. हा साधा, मऊ तांदूळ होता, विटेची पूड चोळून लाल केलेला. मास्तराला कुणीतरी भर बाजारात टोपी घातली होती. देवझिऱ्याच्या हिशेबाने पाणी पडलं की याचा चिखल होणार, हे हमदमजानला तिथे बसल्या बसल्या दिसलं.

आता काय करावं? एक शब्द बोलायचा अवकाश. पण तो शब्द कसा जाईल हे त्याला पाठ होतं. "तुम्हाला कसं कळलं?" मग "तुम्ही कोण?" मग "अरे, हे तर मार्गिलानचे हमदम उस्ता!" आणि मग झारा. झारा हातात आला की पाहुणा संपला. त्याचे हात शिवशिवायला लागले. त्याने ते मांड्यांखाली दाबून धरले.

मुकीमजानने मांस परतलं, गाजराच्या काड्या टाकल्या, जिरं चुरडलं. ते सगळं त्याने जीव ओतून केलं आणि वाईट केलं नाही. अधूनमधून तो दोमलांकडे चोरून पाहत होता. वर्षभर ज्याची टर उडवली जाते त्या माणसाला आज एकदा, एकदाच, चारचौघांत मान ताठ करायची होती, आणि ते हमदमजानला दिसत होतं. एका माणसाची हौस फिटायची तर दुसऱ्याची फजिती व्हायची. त्याला चहा कडू लागायला लागला.

मुकीमजानने तांदूळ पसरला, पाण्याचं भांडं उचललं. हमदमजानला राहवेना.

"मुकीमजान, उका," धाकट्या भावाला म्हणावं तसं तो हळूच म्हणाला, "पाणी जरा कमी घातलंत तर?"

भांडं हवेत थांबलं. सगळ्यांनी पाहुण्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय काम करता, अका?" मुकीमजानने विचारलं.

हमदमजानने पियाला तोंडाशी नेला. "मी... घड्याळं दुरुस्त करतो."

"मग घड्याळं बिघडली की तुम्हाला विचारू," मुकीमजान म्हणाला आणि त्याने सगळं पाणी ओतलं.

मंडळी खो खो हसली. दोमलांनी हमदमजानच्या गुडघ्यावर थाप मारली. "लागलं ना? आमच्या मुकीमला भातातलं कळत नाही, पण बोलण्यातलं कळतं."

मग हमदमजानही हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. चौतीस वर्षांत कढईपाशी कुणी त्याचा शब्द मोडला नव्हता. आज त्याने सांगायचं ते सांगितलं होतं, आणि कुणी ऐकलं नव्हतं. यापुढची जबाबदारी त्याची नव्हती. त्याचा जीव भांड्यात पडला. मांड्यांखालचे हात काढून त्याने नान तोडला, चहा ओतून घेतला आणि दोमलांना विचारलं की पाचवीच्या पोरांना अपूर्णांक खरंच कळतात का. त्यावर दोमला तासभर बोलले.

झाकण उघडलं तेव्हा साडेचार झाले होते. वाफ गेली आणि सगळे कढईवर वाकले. भात नव्हताच तो. गाजर, मांस, तांदूळ, सगळ्याचा एक लगदा झाला होता, वर लसणाचे गड्डे अर्धे बुडालेले.

"मुकीम," दोमला शांतपणे म्हणाले, "चमचे मागव. आणि चायखान्यात भिंतीला प्लास्टर करायचं असेल तर तेही विचारून ये."

मुकीमजान हसला नाही. त्याने ताट भरलं, आणून मध्ये ठेवलं आणि तो बाजेच्या कडेला उभाच राहिला. कान लाल झाले होते. आमच्याकडे ओश करणाऱ्याने पहिला घास आपल्या हाताने पाहुण्याला भरवायचा असतो. तो मान पाहुण्याचा आणि शिजवणाऱ्याचाही. हमदमजानने आजवर असे हजारो घास भरवले असतील. मुकीमजानने ताटात हात घातला, बोटांनी घास दाबला, पण तो दबेना, बोटांतून निसटायला लागला. त्याने हात मागे घेतला.

"जाऊ दे, अका. तुम्हाला कबाब मागवतो. हे पाहुण्याला देण्यासारखं नाही."

हमदमजानने त्याचं मनगट धरलं.

"भरव," तो म्हणाला.

"अका, अहो..."

"मी पाहुणा आहे ना? मग भरव."

मुकीमजानने घास उचलला, दुसरा हात खाली धरला आणि लगद्याचा तो गोळा हमदमजानच्या तोंडात घातला. भात मऊ होता, मीठ जरा जास्त होतं, चरबी जीभ भाजेल इतकी गरम होती. लसूण विरघळून गेला होता. हमदमजान सावकाश चावत राहिला, आणि चावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. चौघे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. आयुष्यभर तो असा लोकांच्या तोंडाकडे पाहत आला होता; आपल्या तोंडाकडे कुणी असं पाहत बसेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याला एकदम भरून आलं.

"रडताय काय, अका?" दोमलांनी विचारलं. "एवढा वाईट झालाय?"

"गरम आहे," हमदमजान म्हणाला. मग त्याने रुमालाने डोळे पुसले आणि मुकीमजानकडे वर पाहिलं. "खोटं सांगत नाही. एवढा चांगला ओश मी आजवर खाल्ला नव्हता."

मंडळी हसता हसता लोडांवर कोसळली. "बिचाऱ्याला घरी काय मिळत असेल!" कुणीतरी ओरडलं. मुकीमजान मात्र हसला नाही. तो पाहुण्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होता. थट्टा शोधत होता, आणि ती त्याला सापडेना. मग तो बाजेवर चढला, हमदमजानच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि त्याने ताटात पुन्हा हात घातला. या वेळी घास मोठा होता.

हमदमजानने आ केला.