धवलारणीच्या तोंडात कापूस

आधी कबूल करा, हसणार नाही. मगच सांगते. दाताच्या डॉक्टरने एका बाईचं तोंड बंद करून अख्खं लग्नघर अडवून धरल्याचं कधी ऐकलंय? ती डॉक्टर मी!

नौपाड्यात माझा दवाखाना. दात काढणं सोपं हो, काढल्यावर पेशंटला सांभाळणं महाकठीण! "कापूस तासभर दाबून धरा, थुंकू नका, चूळ भरू नका, गरम खाऊ नका, बोलू नका." मी घसा फोडून सांगते, आणि ही माणसं जिना उतरताच पचकन थुंकून कोपऱ्यावर कडक चहा मारतात. मग रक्त थांबत नाही म्हणून मलाच फोन! त्या दिवशी मी चंगच बांधला. सगळ्या सूचना डोक्यात शिरल्याशिवाय आज एकही पेशंट जिना उतरणार नाही.

कळव्याहून मंदाताई आल्या. संध्याकाळी पुतण्याची हळद, पण दाढेने जीव नकोसा केलेला. सोबत त्यांची जाऊ. दोघींच्या अंगावर हळदीसाठी घेतलेल्या एकसारख्या पिवळ्या साड्या, अंबाडे सारखे, त्यावरचे गजरेसुद्धा सारखे. मी दाढ काढली, कापूस दिला, "बाहेर बसा, आलेच" म्हटलं आणि हात धुवून बाहेर आले.

बाकावर पिवळी साडी. गाल फुगलेला. आणि ओठांतून चक्क एक काडी बाहेर!

"हे काय? ज्येष्ठमध? कोणी सांगितले हे घरगुती उपाय?" मी काडी काढली आणि तिथे नवा कापूस कोंबला.

"अवं डाक्टरीणबाय, मी..."

"बोलायचं नाही!"

"पन माझा..."

"एक शब्द नाही! मानेनं हो म्हणा."

ती मानेनं नाही म्हणाली. आता माझ्याशी हट्ट? तिने गळ्याला हात लावला, मग हवेत हात ओवाळले. मी म्हटलं, "हळद असो नाहीतर लग्न, रात्रीपर्यंत तोंड उघडलंत तर माझ्याशी गाठ आहे!" बिचारीने घाबरून मान डोलावली. मी विजयी मुद्रेने पुढच्या पेशंटकडे वळले.

संध्याकाळी खात्री करायला मीच फोन लावला. "मंदाताईंच्या घरून ना? त्या गप्प आहेत ना?"

"मीच मंदा बोलते!" खणखणीत आवाज.

"तुम्ही? अहो, कापूस कुठाय?"

"तवाच थुकला, तुमच्या बेसिनवर चूळ भरली तवा. आता रस्सा चाखते. पन आमचे जावेला काय केलाव ता सांगा आधी! धवलारीण हाय ती. तिनं धवला गायल्याबिगर आमची हळद लागत नाय. नवरा पाटावर बसून दमला, आन ही तोंडाला पदर लावून नुसती रडते!"

गळा मोकळा राहावा म्हणून ज्येष्ठमध चघळणारी लग्नगीतांची गायिका! आणि नुसती पिवळी साडी बघून मी तिलाच मुकी करून पाठवलं होतं.

रिक्षा केली आणि खाडीपूल ओलांडून थेट मांडवात. सगळं गाव माझ्याकडे बघतंय. मी तिच्या तोंडातला कापूस काढला. तिने हळूच विचारलं, "डाक्टरीणबाय, माझ्या तोंडान तुमाला काय वंगाल दिसला का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती दिवसभर आजाराच्या भीतीने रडत होती हो! "तुमचे दात ठणठणीत आहेत, डोकं माझं किडलंय," मी म्हटलं. ती डोळे पुसून हसली आणि पाटाशी जाऊन बसली.

पण ठरवलेलं सोडेन ती मी कसली? मंदाताईंच्या हातातली रश्श्याची वाटी काढून घेतली, खुर्चीत बसवलं, नवा कापूस दिला आणि भर मांडवात सगळ्या सूचना पहिल्यापासून सांगितल्या. तोवर धवलारणीचा आवाज लागला. आधी देवांची नावं आली, मग व्याह्यांची थट्टा, आणि मग माझी! एकीची दाढ काढून दुसरीला गप्प करणारी डाक्टरीण. मांडव हसून लोळला.

ते गाणं आता तिकडच्या प्रत्येक हळदीत वाजतं म्हणे. मला कसं कळलं? कळव्याच्या कुठल्याही बाईचा दात काढून झाला, की मी सूचना सुरू करायच्या आत ती तोंडातला कापूस घट्ट दाबून धरते आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून मला खुणावते, "दाढवाली मीच ती!"