आनंदाबाईंनी सोडलेली जागा

वर्ध्यात कुणी पीएच.डी. झाला की पहिला पेढा आईवडिलांना, दुसरा मार्गदर्शकांना आणि तिसरा आनंदाबाई झाडे यांना, असा रिवाज आहे. पहिल्या दोन पेढ्यांत कधी चुकारपणा होतो. तिसऱ्यात होत नाही, कारण पुढे संशोधनाचे लेखही टाइप करायचे असतात.

स्टेशनाकडच्या एका गल्लीत, टेलरच्या दुकानावर त्यांची दहा बाय बाराची खोली आहे. पूर्वी खडखडणारा टाइपरायटर होता, आता संगणक आहे, आणि कानांवर मोठे हेडफोन. आम्ही संशोधक मंडळी गावोगाव हिंडून म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतो आणि घरी येऊन ऐकतो तेव्हा निम्मं कळत नाही. मग ते रेकॉर्डिंग आनंदाबाईंकडे जातं. त्या ऐकतात आणि शब्दाला शब्द उतरवून देतात. तीस वर्षं हेच चाललंय. कोण तासिका तत्त्वावर कितव्या वर्षी घासतोय, कुणाच्या जागेवर कुणाचा भाचा लागला, कुणाचा प्रबंध कुणाच्या प्रबंधाचा जुळा भाऊ आहे, सगळं त्यांना ठाऊक. पण बोलायच्या नाहीत. फक्त नवीन प्रबंध छापून आला की आधी ऋणनिर्देशाचं पान उघडायच्या, वरून खाली बोट फिरवायच्या आणि मिटून ठेवायच्या. त्या पानावर देव, गुरू, पत्नी, ग्रंथपाल, चहावाला, सगळे असत. आनंदाबाई असल्याच तर शेवटून दुसऱ्या ओळीत, 'सुबक टंकलेखन' या दोन शब्दांमागे.

मी मूळचा सासवडचा. नेमणुकीच्या आशेनं वर्ध्यात आलो आणि तासिका तत्त्वावर चिकटलो. तोंडात इतिहासाच्या मोठमोठ्या गोष्टी, खिशात पुढच्या सत्राची हमी नाही. त्यांच्या खोलीतल्या स्टुलावर बसून मी तासन्‌तास बोलायचो. एकदा मी म्हणालो, "काकू, संशोधकाचं काम काय, तर इतिहासाला बोलतं करणं."

"मंग त्याले बोलू द्या ना सर," त्या कीबोर्डवरची बोटं न थांबवता म्हणाल्या. "तुमीच बोलून राह्यले कवाचे."

त्यांची एक सवय मात्र मला भारी जाचायची. ऐकू आलेला शब्द समजला नाही, तर त्या तिथे अंदाजानं काही टाकत नसत. बोटभर जागा कोरी सोडत. मी चिडून म्हणायचो, "काकू, संदर्भावरून लावा की काहीतरी." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर: "मले नाई समजलं तं मी जागा सोडतो. भरनं तुमचं काम." वऱ्हाडीत बायकाही 'सोडतो', 'करतो' म्हणतात, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो होतो. एवढं शिकलो म्हणजे वऱ्हाडी आली, असा माझा समज.

हा समजच मला नडला.

हिंगणघाटला नत्थूजी कोल्हे म्हणून एक गृहस्थ होते, वय चौऱ्याऐंशी, जन्म कापसात आणि जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गेलेला. त्यांची मुलाखत मी घेतली आणि आनंदाबाईंनी उतरवून दिली. त्यात चार ओळी होत्या: 'बेचाळीस सालची गोष्ट. दोनशे बंडीवाले जिनाच्या फाटकासमोर बसून होते. जू खाली ठेवलं अन् बसले. तीन दिवस. पोलीस आले, कोनी हटलं नाई. शेवटी मालकाले फाटक उघडा लागलं.' या ओळींत एकही कोरी जागा नव्हती.

वाचून मी स्टुलावरून पडायचाच बाकी होतो. बेचाळीस साल, वर्धा जिल्हा, दोनशे माणसं, तीन दिवसांचं ठाण आणि अंगात बंडी! आमच्याकडे बंडी अंगात घालतात. बिनबाह्यांची. खादीचीच असणार, नाहीतर वर्ध्यात दुसरी कसली? आणि 'जू खाली ठेवलं' म्हणजे गुलामगिरीचं जू झुगारलं. एवढं सुंदर रूपक एका निरक्षर माणसाच्या तोंडी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मी इंग्रजीत लेख लिहिला: हिंगणघाटचा विस्मृत बंडी-सत्याग्रह. दोन परिषदांत वाचला. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी पाठ थोपटली. आणि सात वर्षं ज्या कॉलेजात मी तासावर शिकवत होतो, तिथे कायम जागा निघाली. मुलाखत सोमवारी. त्याआधी शनिवारी सायंकाळी, सामान्य लोकांपर्यंत इतिहास पोचावा म्हणून, एका सभागृहात माझं मराठी व्याख्यान ठरलं. निवड समितीतले दोघे ऐकायला येणार होते. समोरच्या रांगेत शाल-श्रीफळ घ्यायला नत्थूजीही येणार होते, सत्याग्रही म्हणून. म्हटलं, आता फक्त नेमणुकीचं पत्र यायचं बाकी.

शनिवारी सकाळी मी हस्तलिखित आनंदाबाईंकडे दिलं. इंग्रजी लेख त्यांनी पाहिलाच नव्हता. त्या टाइप करत होत्या, मी चहा पीत होतो. तिसऱ्या पानावर बोटं थांबली.

"सर, एक विचारू का?"

"विचारा की."

"हे 'शुभ्र बंडी' काऊन लिवलं? चुना लावत होते का बंडीले?"

"चुना कशाला? खादीची बंडी, काकू. अंगातली."

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तापलेल्या लेकराकडे बघावं तसं.

"सर," त्या हळू म्हणाल्या, "बंडीले बैल जुपतात."

बंडी म्हणजे बैलगाडी. बंडीवाले म्हणजे कापूस घेऊन आलेले गाडीवाले. आणि जू खाली ठेवलं म्हणजे, देवा, जू खाली ठेवलं. बैल सोडले. दुसरं काय?

"मंग तीन दिवस कशाला बसले होते?" मी विचारलं. घाबरलो की मीही वऱ्हाडी बोलतो.

"ते मले काय मालूम? नत्थूजीले विचारा. तुमी विचारलं नाई का?"

विचारलं नव्हतं. उत्तर इतकं आवडलं होतं की पुढचा प्रश्न सुचलाच नाही.

मला त्या क्षणी आनंदाबाईंचा राग आला. चूक माझी आणि राग त्यांचा, हा आम्हा शिकलेल्यांचा जुना शिरस्ता. मी म्हणालो, "काकू, संध्याकाळी पाचला व्याख्यान आहे. परवा मुलाखत. सात वर्षांची वाट आहे माझी. आहे तसं टाइप करा, नंतर बघू."

"मी तुमचं लिवलेलं बदलवत नाई सर. इतक्या वर्सात कोनाचं बदलवलं नाई," त्या म्हणाल्या. "पन जे मले समजत नाई, तिथं मी काय करतो, हे तुमाले मालूम आहे."

साडेचारला मी त्यांच्या हातून पाकीट घेतलं आणि न उघडता पळालो.

सभागृह भरलं होतं. नत्थूजी पहिल्या रांगेत, धुतलेलं धोतर, हात कानामागे. समितीतले दोघे त्यांच्या शेजारी. शेवटच्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन आनंदाबाई. मी पाकीट फोडलं, बोलायला लागलो, आणि तिसरं पान उलटलं. 'सन बेचाळीसमध्ये दोनशे शुभ्र', आणि पुढे बोटभर कोरी जागा. खाली पुन्हा एक. मी मोजल्या. अकरा.

भरायला काय लागत होतं? शब्द मला तोंडपाठ होता. 'खादी-बंडीधारी स्वयंसेवक' म्हणायचं आणि पुढे जायचं. समितीतल्या दोघांना वऱ्हाडी कुठे येत होती? ते माझ्याच गावाकडचे. पण समोर नत्थूजी कान देऊन बसले होते. त्यांच्या खांद्यावर मी थोड्या वेळानं एक खोटी शाल घालणार होतो, आणि ती कशाची हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. मी शूर नाही. मला लाज वाटली, एवढंच.

"इथे मला एक शब्द समजलेला नाही," मी म्हणालो. "नत्थूजी, बंडीवाले तीन दिवस फाटकापुढे कशाला बसले होते?"

नत्थूजी सावकाश उठले. "काऊन म्हंजे? जिनाचा काटा बिघडला होता."

"काटा?"

"कापूस मोजाचा काटा. नागपूरहून मिस्तरी येयाचा होता. मागं बंड्या, पुढं बंड्या. हटून जातो म्हटलं तरी जागा कुठं होती? पोलीस म्हने हटा, आमी म्हटलं तुमीच हाका बैलं!"

सभागृह असं हसलं की पंखे डुलले म्हणावं. नत्थूजी रंगात आले. त्या तीन दिवसांत थंडीत कापसातच शिरून कसे निजले, बाया गावाहून भाकरी घेऊन चालत कशा आल्या, रांगेतच दोन सोयरिकी कशा जुळल्या. अर्धा तास ते बोलले. व्याख्यान त्यांचंच झालं. शाल त्यांना दिलीच, पण रांगेत बसल्याबद्दल.

सोमवारी मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: "तर मग तुमचं संशोधन नेमकं काय उरलं?" कायम जागा दुसऱ्याला गेली. मी आठवडाभर आनंदाबाईंच्या गल्लीतून गेलो नाही.

आठव्या दिवशी गेलो. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "नत्थूजी अजून जिते आहेत सर. जा. आता तरी पुढचं विचारा."

गेलो. वर्षभर दर रविवारी हिंगणघाटची बस धरली. नत्थूजी बोलायचे, मी पुढचं विचारायचो, आनंदाबाई उतरवायच्या. पुढे नत्थूजी गेले. मला तीन वर्षांनी जवळच्याच सेलूच्या कॉलेजात जागा मिळाली. आणि त्या रांगेवरचं, सत्याग्रह नसलेल्या त्या तीन दिवसांवरचं माझं पुस्तक गेल्या वर्षी छपाईला गेलं.

शेवटचा मजकूर आणायला गेलो तेव्हा आनंदाबाईंनी गठ्ठा हातात दिला. मी त्यांच्यासारखंच आधी ऋणनिर्देशाचं पान काढलं. लिहिलं होतं तसंच सगळं होतं, फक्त त्यांच्या ओळीत, 'आनंदाबाई झाडे यांचा मी' याच्या पुढे बोटभर जागा आणि मग 'साठी ऋणी आहे.'

"काकू, इथे 'सुबक टंकलेखना' होतं की."

"होतं. मले समजलं नाई." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "टायपिंग तं माझा धंदा आहे सर. त्याचे आभार कायले मानता?"

त्यांच्या मागे भिंतभर प्रबंध उभे होते, सगळ्यांत शेवटून दुसरी ओळ. माझीही त्यांत जाऊन बसणार होती. मी त्यांच्याच टेबलावरचा पेन घेतला आणि त्या जागेत 'मार्गदर्शना' एवढंच लिहिलं.

त्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला, दोनदा वाचलं.

"मोठा शब्द आहे सर."

"समजला का पण?"

"समजला," त्या म्हणाल्या, आणि जागा भरली.