श्रावणातली घसरण

एकाच स्टाफरूममध्ये वीस वर्षं काढली की किस्से साचतात, माळ्यावरच्या जुन्या उत्तरपत्रिकांसारखे. आमच्या अर्थशास्त्र विभागातले बहुतेक किस्से भोयर सरांचे, आणि ते सगळे त्यांच्या एका प्रबंधाभोवती फिरतात.

विषय भारी होता. महागाई, व्याजदर, उत्पन्न यांमुळे श्रीमंत देशांत आणि आपल्यासारख्या देशांत लोकांचा बँकव्यवहार कसा वाढतो किंवा घटतो. शेवटचं प्रकरण लिहून झालं की जगात काहीतरी व्हायचंच. आधी नोटाबंदी, मग लॉकडाऊन. सर म्हणायचे, "जग सहा महिने थांबन, तं मी सबमिट करतो गा."

*

सावनेरच्या बाजारात सरांनी एका कापडवाल्याला सर्वेक्षणाचा प्रश्न विचारला, "अमेरिकेत व्याजदर वाढले तं तुमच्यावर काय परिणाम होते?"

तो तागा गुंडाळत म्हणाला, "तुम्ही विचाराले येता. गिऱ्हाईक वापस जाते."

सरांनी ते उत्तर जसंच्या तसं फॉर्मात लिहून घेतलं.

*

सक्करदऱ्याला त्यांच्या घरी जेवताना सर आम्हाला महागाईची कारणं समजावत होते. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "कारणं पाठ झाली जी मले. भाव कधी उतरन, ते सांगा."

सरांनी आणखी भाजी घेतली.

*

कॉलेजात हजेरीची मशीन आली. अंगठा लावला की बाईच्या आवाजात "थँक यू" म्हणते. सर म्हणाले, "तीस वर्षांत प्राचार्यांनी एकदाही नाही म्हटलं. ही रोज म्हणून राहिली!"

*

सरांच्या निवृत्तीला दोन दिवस उरले होते. प्रबंध बांधून तयार होता, आणि पुढे मुदत मिळणार नव्हती. त्यात कुहीकडच्या गावांची एक गोष्ट होती: दर श्रावणात छोट्या खात्यांतून पैसे काढणं एकदम घटायचं. सरांनी त्यावर चाळीस पानं लिहिली होती, सगळी महागाई आणि व्याजदराची. तरी म्हणाले, "एकदा जाऊन विचारू." श्रावणच चालू होता. मी गाडी काढली.

अंगठ्याच्या ठशावर खात्यातले पैसे देणाऱ्या केंद्रात शेवंताबाई नावाची एक बाई उभी होती. मशीनने तिचा अंगठा तीनदा नाकारला. केंद्रवाला म्हणाला, "मावशी, दिवाळीच्या टायमाले या."

सरांनी तिला विचारलं, "काहून जी?"

तिने पंजा त्यांच्यासमोर धरला. बोटं गुळगुळीत होती. "महिनाभर चिखलात धान रोवलं जी. रेघा घासल्या. येतीन वापस. तवरक पैसा माहा असून माहा नाही."

कुहीहून नागपूरला परतताना सर म्हणाले, "चाळीस पानं लिहिली गा मी." मलाही लाज वाटत होती. ती चाळीस पानं मीच तपासून दिली होती.

*

दुसऱ्या दिवशी प्रबंध सादर करायची शेवटची तारीख. सर प्रती छातीशी धरून कॉलेजात आले. मशीनवर अंगठा ठेवला.

"थँक यू."

सरांनी अंगठा पाहिला, शर्टाला पुसला, पुन्हा ठेवला.

"थँक यू."

मग प्रती तशाच घेऊन ते घरी परत गेले.