यादीतलं चौथं नाव

समजा, तुमच्यासमोर सतरा अनोळखी माणसं उभी आहेत. सकाळचे आठ वाजलेत, ऊन आत्ताच मानेला चावायला लागलंय आणि दगडांचं एक पडकं गोल कुंपण दाखवून तुम्हाला त्यांना पटवायचं आहे की हे कुंपण नाही, घर आहे. मेलेल्यांचं घर. हातात एक फोटो, गळ्यात सरकारी परवान्याचा बिल्ला आणि वेळ फक्त बारा मिनिटं. तेराव्या मिनिटाला कुणीतरी संडास कुठे म्हणून विचारणारच. काय सांगाल?

आर्गिरो आधी कुणाला आतच सोडत नाही. पूर्वेकडच्या बुटक्या दारापाशी उभी राहते आणि म्हणते, "वाका. इथे चार हजार वर्षांपूर्वीही सगळे वाकूनच आत यायचे. काही जणांना तर उचलून आणायचे."

मग ती फोटो काढते. याच थडग्यात सापडलेलं मातीचं एक घर, खेळण्याएवढं. मूळ वस्तू आता शहरातल्या संग्रहालयात आहे. त्यात भिंतीला टेकून चार मोठी माणसं बसलेली आहेत. त्यांच्यापुढे बुटकी मेजं आहेत आणि दोन लहान माणसं उभी राहून वाढताहेत.

"बसलेत ते मेलेले," आर्गिरो सांगते. "उभी आहेत ती जिवंत. आमच्या घरी अजून असंच असतं. बायका उभ्या आणि बाकीचे बसलेले."

लोक हसतात. हे वाक्य ती बावीस वर्षं म्हणत आली आहे आणि बावीस वर्षं लोक हसत आले आहेत.

हॉटेलवाल्यांनी या सहलीला 'चार हजार वर्षं, एकच ताट' असं नाव दिलंय. आधी कामिलारी गावाबाहेरचं हे थडगं, मग गावातलं चर्च, मग फेस्तोसच्या राजवाड्याच्या पायऱ्या आणि दुपारी सिवासमध्ये जेवण. जवाचे टोस्ट पाण्यात बुडवून, त्यावर किसलेला टोमॅटो, तेल आणि ताजं चीज, रानातल्या पालेभाज्या, आणि शेवटी व्हिनेगर आणि रोझमेरीत परतलेल्या गोगलगाई. गोगलगाई आल्या की बसचा ड्रायव्हर सिफिस दरवेळी उठून उभा राहतो आणि गंभीर चेहऱ्याने सांगतो, "खाताना तिच्या डोळ्यांत बघू नका, ती ओळख ठेवते." आर्गिरो त्याचं तीन भाषांत भाषांतर करते.

ती मूळची याच बेटावरच्या वोरी गावची. वडिलांचा तेलाचा घाणा होता आणि मुलीने घाण्याचे हिशेब बघावेत अशी त्यांची इच्छा होती. मुलगी गेली शहरात, इराक्लिओला, गाइडचं शिक्षण घ्यायला. परीक्षेत तिला नेमका पाठ असलेल्या गोर्तिनच्या प्राचीन शिलालेखावर प्रश्न आला होता. त्या आनंदात उतरताना ती बसमध्ये पिशवी विसरली आणि ती पिशवी परत आणून देणारा सिफिस त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा कंडक्टर होता. पुढे त्यानेच तिची आपल्या मित्राशी ओळख करून दिली. मिरोनशी. कामिलारीचा मिरोन, कोक्किनोस पिर्गोसच्या बंदरातून मासेमारी करणारा. लग्नात दोघांच्या डोक्यावरच्या माळांची तीनदा अदलाबदल करायचा मान सिफिसचा. आमच्याकडे असा माणूस मित्र राहत नाही, नातेवाईक होतो.

नऊ वर्षांपूर्वी मिरोन पहाटे निघाला आणि परत आला नाही. होडी पाक्सिमादियाच्या खडकांजवळ सापडली. इंजिन बंद होतं, जाळं अर्धं पाण्यात होतं. तटरक्षकांनी पार गाव्दोस बेटापर्यंत शोध घेतला. शेवटी त्यांनी जो कागद दिला त्यावर 'सापडला नाही' असे शब्द होते. आर्गिरोने ते दोन शब्द धरून ठेवले. सापडला नाही म्हणजे सापडायचा आहे, एवढंच.

चर्चमध्ये पाद्रीबाबांकडे नावांचा कागद द्यायची रीत आहे. कागदाच्या मधोमध रेघ. एका बाजूला घरातले जिवंत, त्यांना आरोग्य मिळावं म्हणून. दुसऱ्या बाजूला मेलेले, त्यांना शांती मिळावी म्हणून. आडनाव लिहायचं नाही, फक्त बाप्तिस्म्याचं नाव. देवाला तेवढं पुरतं. नऊ वर्षं आर्गिरो मिरोनचं नाव जिवंतांच्या बाजूला लिहीत होती, स्वतःच्या नावाच्या वर. पाद्रीबाबांनी कधी विचारलं नाही. गावाने विचारलं, पण तिच्या पाठीमागे.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेन्टेकोस्ट सणाच्या आदल्या दिवशी मृतांचा शनिवार असतो. घरोघरी गहू उकडून, रात्रभर पांढऱ्या कापडावर वाळवून, त्यात बदाम, बेदाणे, दालचिनी आणि भाजलेलं पीठ घालून, वर साखरेचा थर देऊन कोलिवा करतात. चर्चमध्ये सगळी ताटं ओळीने मांडतात, पाद्री मेलेल्यांची नावं मोठ्याने वाचतात आणि मग अंगणात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो गहू वाटतात. पाहुण्याला तर आधी. ही सहल त्याच शनिवारची होती. हॉटेलने कार्यक्रमपत्रिकेत मुद्दाम छापलं होतं.

थडग्याकडून बसकडे येताना सिफिस म्हणाला, "आर्गिरो, आज चर्च गाळूया."

"का?"

"गर्दी असेल."

"मेलेले वाढले की काय एका वर्षात?"

"ऊन चढतंय. म्हाताऱ्यांना त्रास होईल."

"या गटात सगळ्यात म्हातारा तूच आहेस. चल, चालू कर."

सिफिस एरवी प्रत्येक टोमण्याला दोन परत करणारा माणूस. आज त्याने गाडी चालू केली आणि गावात पोचेपर्यंत तोंड उघडलं नाही. आर्गिरोच्या ते लक्षात आलं, पण तिला वाटलं, बायकोशी वाजलं असेल.

चर्चच्या दारातून धूप बाहेर येत होता. आत जागा नव्हती. आर्गिरोने गटाला अंगणातल्या तुतीखाली उभं केलं आणि हळू आवाजात सांगायला लागली, की आत आता नावं वाचली जाताहेत, घराघराचा एकेक कागद. गटात एक निवृत्त डच शिक्षिका होत्या, मारेइके नावाच्या. त्या वहीत सगळं टिपून घेत होत्या.

"एवढ्या नावांमधून आपलं माणूस ओळखू येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं ना. माझ्या सासूबाईंचा कागद मला पाठ आहे. ऐका, आत्ता येईल." तिने बोट वर केलं. सासऱ्यांचे वडील, त्यांची आई, मग स्वतः सासरे. आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे त्या कागदावर पहिलं नाव दरवर्षी मिरोन असतं आणि त्या पहिल्या नावाचा आर्गिरोला त्रास होत नसे. तो वेगळा मिरोन. तो ऐंशी वर्षं जगून, खाटेवर, सगळ्यांना शिव्या देत गेला होता.

आतून पाद्रीबाबांचा आवाज आला. "मिरोन. एव्हगेनिया. पान्देलिस."

"हे आमचे," ती कुजबुजली.

"मिरोन," आतून आवाज आला.

आणि मग दुसऱ्या घराचा कागद सुरू झाला.

आर्गिरोचं बोट वरच राहिलं. तिला वाटलं, पाद्रीबाबा वरची ओळ चुकून पुन्हा वाचून गेले; वय झालंय, चष्मा घालत नाहीत. ती हे म्हणणारही होती. पण तिची नजर सिफिसकडे गेली. तो तुतीच्या बुंध्यापाशी बुटाच्या टोकाने जमीन उकरत होता आणि वर बघत नव्हता.

"सिफिस," ती म्हणाली, "आईंचा कागद या वर्षी कुणी लिहिला?"

त्याचा बूट माती उकरतच राहिला.

"त्यांना आता दिसत नाही. कुणीतरी लिहून दिला असणार. कुणी?"

"मी फक्त पेन धरलं," सिफिस म्हणाला. "नावं त्यांनी सांगितली."

"आणि चौथं नाव आल्यावर तुझा हात नाही अडला?"

"अडला. अर्धा तास अडला. त्या म्हणाल्या, लिही, नाहीतर पाद्रीकडून लिहून घेते. मग वाटलं, माळा मी बदलल्या होत्या, तर हे पण..." पन्नाशीतला धिप्पाड माणूस, टोपी काढून तिच्या आत बघत उभा राहिला.

चर्चची घंटा झाली. बायका ताटं घेऊन बाहेर आल्या. सासूबाई अस्पासिया सगळ्यांच्या शेवटी आल्या. शहाऐंशी वर्षांच्या, एका हाताने ताट छातीशी धरलेलं, दुसरा हात भिंतीवर. आर्गिरो धावली, सवयीने. ताट तिने हातात घेतलं आणि मग कशासाठी घेतलंय ते तिला कळलं.

"आई, मला विचारायचं तरी होतंत."

"नऊ वर्षं विचारलं. तू नाही म्हणालीस."

"मग या वर्षी का?"

"कारण पुढच्या वर्षी मी नसेन," अस्पासिया म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. भाजी संपली म्हणून सांगावं तसं सांगितलं. "मी गेले की माझं नाव तू लिहिशील, मला ठाऊक आहे. चांगली आहेस. पण त्याचं लिहिणार नाहीस. मग त्याचं कोण करणार? पोरगा नऊ वर्षं उंबऱ्यात उभा आहे गं. आत येत नाही, बाहेर जात नाही. मी आई आहे. मला त्याला बसवायचं होतं."

आर्गिरोला बोलायचं होतं. तो जिवंत असला तर? लिबियाच्या किनाऱ्यावर, कुठल्या तुरुंगात, डोक्याला मार लागून नाव विसरून? हे सगळं ती नऊ वर्षांत इतक्या वेळा बोलली होती की आता ते तिला स्वतःलाच पाठ केलेल्या माहितीसारखं ऐकू यायला लागलं होतं. थडग्याचा व्यास, भिंतीची जाडी, डोक्याला मार लागून नाव विसरून.

अस्पासियांनी चाचपडत ताटातला गहू कागदी पिशव्यांत भरायला सुरुवात केली. बदाम त्यांच्या बोटांना लागत होते. एकेका पिशवीत मोजून दोन घालत होत्या. सतरा पिशव्या सतरा जणांच्या हातात गेल्या. पिशव्या हातात धरून सगळे आर्गिरोकडे बघत होते, कारण बसमध्ये तिनेच सांगितलं होतं की कोलिवा मुकाट्याने खायचा नसतो. खाण्याआधी एक वाक्य म्हणायचं असतं.

"काय म्हणायचं?" मारेइकेबाईंनी वहीचं पान उलटलं. "आणि हे कुणासाठी आहे?"

दरवर्षी ती सांगे, आमच्या घरातल्या थोरामोठ्यांसाठी. दरवर्षी ती 'देव त्यांना क्षमा करो' असं शिकवी, सगळ्यांसाठी मिळून एकदाच. अठरावी पिशवी अस्पासियांनी तिच्यासमोर धरली होती. तो हात हवेत थांबला होता, थोडा चुकीच्या दिशेला, कारण आर्गिरो नेमकी कुठे उभी आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

आर्गिरोने पिशवी घेतली.

"हे माझ्या नवऱ्यासाठी आहे," ती म्हणाली. आधी इंग्रजीत, मग जर्मनमध्ये, मग फ्रेंचमध्ये. आवाज कामाचाच होता, सगळ्यांत मागच्या माणसाला ऐकू जाईल असा. "मिरोन त्याचं नाव. म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. माझ्यामागून म्हणा."

सतरा माणसांनी, मोडक्यातोडक्या उच्चारात, एकसाथ म्हटलं. एका कॅनडाच्या माणसाने चांगल्या मनाने ते दोनदा म्हटलं. मग सगळे खायला लागले आणि चव छान आहे, बदाम छान आहेत, असं एकमेकांना सांगायला लागले. मारेइकेबाईंनी मात्र वही मिटली.

उकडलेला गहू चावायला वेळ लागतो. आर्गिरोने चमचाभर तोंडात घातला आणि तो संपेपर्यंत कुणाशी बोलता येणार नाही याचं तिला बरं वाटलं. अस्पासियांचा हात तिच्या खांद्यावर आला, मग गालावर. गाल ओला लागला तेव्हा म्हातारी म्हणाली, "अस्सं," आणि बाकावर जाऊन बसली, ताट मांडीवर घेऊन.

बस निघता निघता पाद्रीबाबा खिडकीशी आले. त्यांनी आर्गिरोचा हात धरला आणि म्हणाले, "पोरी, आता दरवर्षी त्याची स्वतंत्र प्रार्थना करत जाऊ. चर्चच्या वहीत नोंद करतो. फक्त तारीख सांग."

"कुठली तारीख?"

"गेला ती."

आर्गिरोने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिला ती माहीत नाही. मिरोन निघाला अकरा ऑक्टोबरला. होडी सापडली चौदाला. मधले दिवस तिने कधी मोजलेच नव्हते, मोजायची गरजच नव्हती.

"सांगते," ती म्हणाली. "नंतर सांगते."

सिफिसने गाडी फेस्तोसच्या चढाला लावली. मागे लोक गप्पा मारत होते. टेकडी वळणावळणाने वर येत होती आणि आर्गिरो माइक हातात घेऊन दिवस मोजत होती. अकरा तारखेला ती चिडली होती, रात्री उशीर झाला म्हणून. तेराला बंदरावर उभी होती. पण बाराला सकाळी, तो एखाद्या दुसऱ्या बंदरात अडकला असेल असं धरून, ती एका फ्रेंच गटाला घेऊन याच टेकडीवर आली होती. राजवाड्याच्या रुंद पायऱ्यांवर त्या गटातल्या एका आजोबांनी राजासारखं हात वर करून भाषण ठोकलं होतं आणि ती हसली होती. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुपारचे साधारण साडेबारा झाले असतील. पायऱ्यांवरून खाली सगळं मेसाराचं मैदान दिसत होतं आणि पलीकडे समुद्राची निळी पट्टी.

ती हसत होती तेव्हा तो होता का?