कोचला नारळ

स्कोअर लिहिणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. बाकीचे पळत असतात, ओरडत असतात, रेफरीशी भांडत असतात. स्कोअरर एकटाच टेबलामागे बसून सगळं बघत असतो.

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगच्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, शिकायला आलो तेव्हा मीही बास्केटबॉल खेळायचो. इतका वाईट खेळायचो की दुसऱ्याच महिन्यात कोणीतरी माझ्या हातात बॉलऐवजी पेन दिलं! त्याला वीस वर्षं झाली. आता मी त्याच युनीत लॅबचं स्टोअर सांभाळतो आणि बुधवारी संध्याकाळी मुलींच्या टीमचा स्कोअर लिहितो. वहीत डाव्या पानावर स्कोअर आणि उजव्या पानावर 'शेरे'. डावं पान दरवेळी अर्धं कोरं राहतं. उजवं पुरत नाही.

पुढचे सगळे शेरे एकाच वर्षातले आहेत. त्या वर्षी आम्हाला कोच हवा होता. जुना कोच नोकरी लागून मेलबर्नला गेला होता आणि टीम लागोपाठ तीन वर्षं फायनल हरली होती.

*

कॅप्टन होती संघमित्रा कांबळे. नागपूरची, आठवड्याचे चार दिवस नोकरी आणि उरलेल्या वेळात पीएचडी. विषय, वेल्डिंगच्या सांध्यांना तडे का जातात. युनीच्या कपमध्ये फक्त विद्यार्थ्यांना खेळता येतं. थीसिस सबमिट झाला की खेळ संपला. नोव्हेंबरमध्ये ती सबमिट करणार होती. म्हणजे हे तिचं शेवटचं वर्ष.

जिमच्या भिंतीवर एक लाकडी बोर्ड आहे. ज्या वर्षी युनी कप जिंकते, त्या वर्षीच्या कॅप्टनचं नाव त्यावर सोनेरी अक्षरांत रंगवतात.

"दादा, खाली अजून तीन ओळींची जागा आहे," ती एकदा म्हणाली.

"तुझं नाव मावायचं नाही. एस. कांबळे लिहितील."

"पूर्ण लिहायला लावीन. मावतं. मी मोजलंय."

मला वाटलं, नजरेने मोजलं असेल. तिने बॅगेतून स्टीलची पट्टी काढून दाखवली!

*

कोच निवडायला आम्ही तिघांची समिती केली. संघमित्रा, मी आणि अभिजित. अभिजित माझा कॉलेजपासूनचा मित्र. सिडनीत स्कोफिल्ड्सला राहतो, आयटीत आहे आणि कुठल्याही समितीत त्याला घेतलं नाही तर रुसतो.

पहिलं नाव होतं ग्रेगचं. मोठमोठ्या टीम्सना शिकवलेला, आता निवृत्त. फोन अभिजितने त्याच्या घरून केला. आम्ही दोघं शेजारी होतो, पण त्याच्या बायकोने नेमका तेव्हाच मिक्सर लावला.

फोन ठेवून अभिजित आनंदाने म्हणाला, "झालं काम! शनिवारी बोलावलंय."

शनिवारी वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानातून पेढे घेऊन आम्ही ग्रेगच्या दारात. तो पाइपने झाडांना पाणी घालत होता. आमच्याकडे बघतच राहिला.

"मी तर नाही म्हणालो होतो, मेट."

"नाही कसं? तुम्ही स्वतः दोनदा म्हणालात, ये ना, ये ना!"

गोंधळ कुठे झाला ते मला कळलं. या देशात कोणी इंग्रजीत 'येऽ, ना', म्हणजे 'हो, नाही', म्हणालं की त्यातल्या 'येऽ'चा अर्थ एवढाच, की तुमचं ऐकलं. खरं उत्तर पुढचं 'ना'. अभिजित इथे पंधरा वर्षं राहतोय, पण शेजारी बायको मराठीत बोलत असली की त्याचे कान मराठी होतात!

ग्रेग हसला, नो वरीज म्हणाला आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन आत गेला.

परतताना गाडीत संघमित्रा म्हणाली, "निदान पेढे तरी परत मागायचे होते."

*

पुढच्या मीटिंगला अभिजितने स्वतःचंच नाव सुचवलं. लॅपटॉप उघडून बेचाळीस स्लाइड्स दाखवल्या. कोणी कुठे उभं राहायचं, कोणत्या कोनातून बॉल टाकायचा, सगळं रंगीत.

संघमित्राने शेवटच्या स्लाइडपर्यंत शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "अभिदादा, तू स्वतः कधी खेळलास?"

"खेळायची काय गरज आहे? हवामान खात्यातला माणूस काय पावसात उभा असतो?"

"बॉल तरी हातात धरलायस?"

अभिजितने लॅपटॉप मिटला. "त्रेचाळिसावी स्लाइड त्यावरच करणार होतो," तो म्हणाला.

*

मॉरीनला आम्ही शोधून काढलं नाही, ती आपणहून सापडली. तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरने चालायला सांगितलं होतं, म्हणून ती काठी टेकत जिमच्या कडेकडेने फेऱ्या मारायची. वय एकाहत्तर. जवळच्या पोर्ट केंबलाच्या शाळेत आयुष्यभर खेळ शिकवलेली बाई. बोलते इंग्रजीतच, पण माझ्या वहीत ती नेहमी मराठीत उतरते.

एका बुधवारी संघमित्रा फ्री थ्रोची प्रॅक्टिस करत होती. दहातले पाच जात होते. मॉरीन फेरी सोडून थांबली.

"लव्ह, बॉल टाकण्याआधी तू दरवेळी भिंतीवरच्या त्या नावांच्या बोर्डाकडे बघतेस. रिंग इकडे आहे."

संघमित्राचा चेहरा लाल झाला. तिने पुढचे दहा टाकले. नऊ गेले.

ती माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "दादा, समिती बरखास्त. हीच."

*

रीतसर स्वागत व्हायला हवं, असा अभिजितने आग्रह धरला. सगळ्या टीमसमोर मॉरीनला शाल आणि श्रीफळ दिलं. तिचे डोळे पाणावले. "निवृत्त झाले तेव्हासुद्धा मला कोणी काही दिलं नव्हतं," ती म्हणाली.

पुढच्या बुधवारी ती आलीच नाही. फोनही उचलेना.

चौकशी केली तेव्हा ऋतुजा नावाची आमची पुण्याची खेळाडू खाली मान घालून म्हणाली, "मी गंमत केली हो दादा. त्यांनी विचारलं, नारळाचा अर्थ काय? मी म्हटलं, आमच्याकडे नारळ दिला म्हणजे नोकरीवरून काढलं."

संघमित्रा आणि मी तसेच पोर्ट केंबलाला गेलो. मॉरीनने दार उघडलं. नारळ दाराजवळच्या स्टुलावर ठेवलेला होता.

"चाळीस वर्षं शिकवलं," ती म्हणाली, "पण पहिल्याच दिवशी काढून टाकणारे तुम्हीच. आणि तेही टाळ्या वाजवून! शाल ठेवून घेतली तर चालेल ना? उबदार आहे."

मी समजावू लागलो, की नारळ मान म्हणूनही देतात, निरोप म्हणूनही देतात, शुभकार्यालाही लागतो... जितकं समजावत होतो तितकी ती जास्त गोंधळत होती.

संघमित्राने नारळ उचलला, पायरीवर आपटून फोडला आणि अर्धी वाटी तिच्या हातात ठेवली.

"आता नारळच राहिला नाही, मॉरीन. बुधवारी सहा वाजता या."

*

टीममध्ये मराठी दोघीच, संघमित्रा आणि ऋतुजा. कोर्टवर त्या एकमेकींवर मराठीत ओरडायच्या. समोरच्या टीमला काही कळायचं नाही ही त्यातली गंमत. पण आपल्या बाकीच्या तिघींनाही काही कळायचं नाही!

मॉरीनने फर्मान काढलं, एक तर सगळ्या इंग्रजीत ओरडा, नाही तर सगळ्या मराठीत. मतदान झालं. मराठी जिंकलं.

सेमी फायनलला क्लोई नावाची आमची उंच ऑस्ट्रेलियन मुलगी संघमित्रावर खेकसली, "सोड ना गं!" संघमित्राने इतक्या आश्चर्याने बॉल सोडला की तो थेट क्लोईच्या हातात गेला आणि आम्ही फायनलला पोचलो.

*

मॉरीन सगळ्यांना लव्ह म्हणते. तिला नावं लक्षात ठेवायची नसतात, असं आम्ही समजत होतो.

फायनलच्या आधी मी लवकर जिममध्ये गेलो. ती एकटीच घडीच्या खुर्चीवर बसून काहीतरी पुटपुटत होती. "संग... संघ... संघमि..."

मला बघून दचकली. मग म्हणाली, "ते नाव बोर्डावर लागलं की लोक मला विचारतील, ही कोण? तेव्हा मला नीट सांगता यायला हवं."

मी टेबलाशी बसून पेनात नवी रिफिल घातली. जुनी अजून अर्धी बाकी होती.

*

फायनल. घड्याळात तीन सेकंद उरलेली, आम्ही एका पॉइंटने मागे, आणि संघमित्राला दोन फ्री थ्रो. दोन्ही गेले तर कप आमचा.

तिने बोर्डाकडे पाहिलं नाही. पहिला गेला. बरोबरी!

दुसरा रिंगच्या कडेवर फिरला, आणखी एकदा फिरला आणि बाहेर पडला. जादा वेळेत आम्ही दोन पॉइंटने हरलो.

सगळ्या मुली रडत होत्या. संघमित्रा रडली नाही. तिने टेबलापाशी येऊन माझ्या वहीतला स्कोअर स्वतः तपासला, ओळीने, वरपासून खालपर्यंत. कुठे माझी बेरीज चुकलीय का ते बघत होती. माझी बेरीज वीस वर्षांत चुकलेली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, चुकली असती तर!

"बरोबर आहे, दादा," ती म्हणाली आणि वही मिटून माझ्याकडे दिली.

त्या दिवसाचं उजवं पान कोरं आहे.

थीसिस सबमिट करायला तिच्याकडे तीन आठवडे होते. पहिले दोन बुधवार ती दिसली नाही. तिसऱ्या बुधवारी मी उरलेलं सामान कपाटात लावायला जिममध्ये गेलो, तर आतून बॉलचा आवाज. संघमित्रा फ्री थ्रो टाकत होती आणि मॉरीन खुर्चीवर बसून मोजत होती.

"अगं, शुक्रवारी सबमिशन ना तुझं?"

"पुढे गेलं, दादा. एक वर्ष." तिने बॉल टाकला. गेला. "चौथ्या चॅप्टरमध्ये चूक निघाली."

"अरेरे! गाईडने काढली?"

"नाही. मॉरीनने."

मी मॉरीनजवळ गेलो. तिने वेल्डिंगची मशीन तरी कधी पाहिली होती की नाही, कोण जाणे. हळूच विचारलं, "तुम्ही थीसिस वाचलात?"

"छे गं बाई," मॉरीन म्हणाली. मुलींकडून शिकलेलं इतकं मराठी तिला आता येत होतं. "पण लव्ह, नीट शोधलं तर एखादी चूक सापडतेच!"