मुठीवरची ओळ

चक्रीला बसवत नाही. कवळ्या बनवणारा माणूस स्टुलावर बसून काम करतो असं लोकांना वाटतं. हा उभ्यानं करतो. दातांच्या दवाखान्यामागची खोली, एक खिडकी, एक नळ, पॉलिशचं चाक, आणि फळीवर प्लास्टरचे जबडे, काही मिटलेले, काही हसत असल्यासारखे. त्यांच्यासमोरून तो फेऱ्या मारतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, "अहो, तुम्ही जरा बसलात तर माझे पाय दुखायचे थांबतील." तो हसतो, आणि पुन्हा खिडकीपर्यंत जाऊन येतो. सगळा दवाखाना त्याला चक्री म्हणतो. बायकोसुद्धा, रागात नसली की.

वडील गेल्यापासून या फेऱ्या वाढल्या होत्या.

वडील लढाईत ट्रक चालवायचे. परत आले ते एक पिस्तूल घेऊन. शत्रूच्या एका अधिकाऱ्यानं शरण येताना ते स्वतःच्या हातानं आपल्या हातात दिलं, असं ते सांगत. फार सांगत नसत. क्वचित, जेवण झाल्यावर, हात ताटातच वाळत ठेवून. आणि सांगून झालं की धाकटे काका तोंड पुसत म्हणत, "बाजारात घेतलं असेल. तेव्हा भंगारवाल्यांकडे पोत्यांनी पडलेली असायची." वडील ताट सारून उठत. काकांनी त्यांचं नावच बाजारवीर पाडलं होतं, आणि ते नाव पाहुण्यांसमोर, सुनांसमोर, कधी सोडलं नाही. चक्री लहानपणी कपाटातल्या कुलूपबंद पेटीकडे बघत बसे. पेटीला सगळं माहीत होतं आणि पेटी बोलत नव्हती.

आता परवाना नावावर करून घ्यायचा किंवा पिस्तूल परवान्याच्या दुकानात विकायचं, दोन्हींसाठी कचेरीला जाणकाराचा दाखला हवा होता: वस्तू कुठली, कशी आली, किंमत काय. चक्रीला किमतीचं फारसं पडलं नव्हतं. काकांचं हृदय आता कधी थांबेल याचा नेम नव्हता. ते थांबायच्या आत तो दाखला त्यांच्या हातात ठेवायचा, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

"आणि बाजारातलं निघालं तर?" ताईनं फोनवर विचारलं.

"तर निघालं."

"तुझं बरं आहे. मी पोरांना ती गोष्ट सांगून मोकळी झालेय. फेऱ्या मारू नकोस, मला इथं ऐकू येतंय."

नेण्याआधी त्यानं पिस्तूल साफ करायला घेतलं. घरी गॅलरीत एक लहान चाक आहे, तातडीच्या कामांसाठी. त्याच्या धंद्यात खरखरीत वस्तू दाराबाहेर जात नाही. कवळीवर केसाएवढा ओरखडा राहिला तरी हिरडी सोलते, आणि गिऱ्हाईक जिभेनं तो नेमका शोधून काढतं. पिस्तुलावर डाग होते, गंजाची पुटं होती, मुठीच्या पुढच्या लोखंडी पट्टीवर अंगठ्याला काहीतरी बोचत होतं. त्यानं अंगठा एकदा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि चाक सुरू केलं. आधी खरखरीत चकती, मग लोकरीची, मग साबराच्या कातड्याची. हात थांबले तेव्हा धातू पाण्यासारखा झाला होता.

"यात बघून भांग पाडता येईल," बायको म्हणाली.

जुन्या शस्त्रांची पारख करणाऱ्या बाई दुसऱ्या मजल्यावर, दोन जाळ्यांच्या दारांमागे बसत. पांढरे आखूड केस, गळ्यात दोरीला भिंग. चक्रीनं कचेरीची चिठ्ठी दाखवली, पेटी उघडली आणि बाजूला होऊन उभा राहिला. दवाखान्यात डॉक्टरीणबाई नवी कवळी उचलतात तेव्हा राहतो तसा.

बाईंनी पिस्तूल उचलून उजेडात फिरवलं.

"हे कोणी केलं?"

"मी."

"आपण काय करता?"

"कवळ्या बनवतो."

"तरीच," त्या म्हणाल्या. "हात सुरेख आहे तुमचा."

त्यांनी मुठीच्या लाकडी पट्ट्या काढल्या, आत उजेड टाकला, भिंगातून पाहिलं. चक्री भिंतीपर्यंत जाऊन आला.

"नक्कल नाही. त्याच लढाईतलं, त्याच फौजेचं. नळीवर, सांगाड्यावर, सगळीकडे एकच क्रमांक आहे. इकडचं तिकडचं जोडलेलं नाही."

"म्हणजे बाजारातलं नाही."

"असं कुठं म्हटलं मी? लढाई संपल्यावर अशी अस्सल पिस्तुलंही बाजारात आली. वडिलांना कुठं मिळालं ते या क्रमांकावरून कळत नाही. ते पलटणीच्या खुणेवरून कळलं असतं. या फौजेत पिस्तुलावर पलटणीची ओळ ठोकायचे, बारीक अक्षरं आणि आकडे. वडील होते त्या आघाडीवर ती पलटण शरण आली का, हे मग ताडून बघता येतं. अशी ओळ असली तर किंमतही चौपट होते."

त्यांनी दिवा तिरका धरला. मुठीच्या पुढच्या पट्टीवरून उजेड घरंगळत गेला, कुठंच अडकला नाही.

"इथं होती," त्या म्हणाल्या. "घासली गेलीये."

चक्री खुर्चीवर बसला. त्याच्या अंगठ्याला ते बोचरं पुन्हा जाणवलं, आता नसलेलं, दात काढल्यावर जीभ खड्ड्यात जाते तसं.

"काही करून वाचता येईल?"

"वर थोडं काही उरलं असतं तर प्रयत्न केला असता. तुम्ही काम अर्धवट सोडणारे नाही दिसत." त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "वडील परत आले तेव्हा हे हातात घेऊन पाहिलेलं कोणी हयात आहे?"

"एक जण आहेत."

"मग त्यांना विचारा. खूण त्यांनी सांगितली तर मी तसं लिहीन."

"ते म्हणतात बाजारातलं."

तो चालत निघाला. काकांच्या घरावरून पुढं गेला, वळून आला, परत पुढं गेला. खूण आपण पुसली. आता काका जे म्हणतील ते खरं. जन्मभर वडील ज्या एका माणसाला पटवू शकले नाहीत, त्याच माणसाकडे साक्ष मागायची. आणि काका हसले तर? शेवटी गच्चीतून काकांच्या सुनेनं, वहिनीनंच, हाक मारली, "भाऊजी, रस्ता झिजतोय. वर या."

काका उशांना टेकून पडले होते. हात चादरीवर, कागदासारखे.

"काय म्हणाली तुझी पारखीण? किती देतायत बाजारवीराच्या पेटीतल्या लोखंडाचे?"

"अस्सल आहे म्हणाल्या. फौजेचं."

"अस्सल मीही म्हटलं होतं. अस्सल बाजारातलं."

"काका, त्याच्यावर एक खूण होती. त्यावरून सगळं कळलं असतं. मी पॉलिश करताना ती घालवली."

काका उशीवरून थोडे वर सरकले.

"काय केलंस?"

"घासली."

"आण इकडे."

पिस्तूल रिकामं होतं. तरी चक्रीनं पुन्हा तपासलं आणि त्यांच्या हातात दिलं. खूण कुठं होती ते त्यानं सांगितलं नव्हतं. मुठीला चार बाजू, वर लांबलचक अंग. काकांनी ते उलटसुलट केलं नाही, डोळ्यांजवळही नेलं नाही. त्यांचा अंगठा सरळ पुढच्या पट्टीवर गेला, मधोमध, आणि तिथं खाली-वर फिरू लागला.

"तुम्हाला माहीत होतं," चक्री म्हणाला.

"तो आंघोळीला गेला की किल्ली घेऊन मी हे पेटीतून काढायचो." अंगठा थांबला नव्हता. "एका निवृत्त सुभेदाराला विचारून आलो होतो त्या अक्षरांचं. तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. होती ती पलटण त्याच्याच आघाडीवर, तिथंच शरण आली."

"मग जन्मभर बाजारवीर का म्हणत राहिलात?"

"चिडायचा ना. लढाईवरून आला तो गप्प होऊनच आला. आई रडली, वडील ओरडले, याचं आपलं बरं, ठीक आहे. एवढं एक म्हटलं की ताट सारायचा."

"त्यांना सांगायचं तरी एकदा."

"उद्या सांगू, उद्या सांगू, म्हणत गेलो." काकांनी मान वळवली. "तूच का गेला नाहीस कुणाला त्या अक्षरांचं विचारायला? इतका मोठा झालास तो."

चक्री दारापर्यंत जाऊन आला. "बाईंसमोर सांगाल ती अक्षरं? त्या लिहून घेतील."

काकांनी डोळे मिटले. ओठ हलले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून हलले. अंगठा गुळगुळीत धातूवर मागं जात होता, पुढं येत होता.

"आकडे येतायत," ते म्हणाले. "पहिलं अक्षर हाताला लागत नाहीये."